प्रतिषेध रिट: हायकोर्ट खालच्या कोर्टाला ‘थांबा’ कधी म्हणतं?

‘हायकोर्टाची न्यायाधिकरणाला पुढील सुनावणीस मनाई.’ पेपरात अशी ओळ आली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच मिनिटांत तिचा अर्थ लागतो: अमका केस जिंकला. अमका जिंकलेला नसतो. त्याच्या केसमध्ये कोण खरं आणि कोण खोटं, याकडे हायकोर्टाने बहुधा ढुंकूनही पाहिलेलं नसतं. ‘हे प्रकरण ऐकायचा अधिकार तुम्हाला नाही, तेव्हा थांबा’, एवढंच ते खालच्या मंचाला म्हणालेलं असतं. या आदेशाला प्रतिषेध रिट म्हणतात. ज्याला तो मिळतो त्याला सुटल्यासारखं वाटतं, पण तो निकाल नव्हे. हे न कळल्यामुळे लोक वकिलांच्या फीपायी बरेच पैसे आणि त्याहून जास्त वर्षं घालवतात.

ठाणे-नवी मुंबईत हा गोंधळ अंमळ जास्तच होतो, कारण इथे न्याय मागायची दारंच फार. कोर्टनाक्यावर जिल्हा न्यायालय आणि कलेक्टर कचेरी. सीबीडी बेलापूरला वेगळं न्यायालय, तिथेच कोकण भवनात विभागीय आयुक्त आणि सहकार खातं. वाशी स्टेशनजवळ कर्जवसुली न्यायाधिकरण. बिल्डरविरुद्ध महारेरा किंवा ग्राहक आयोग, नोकरीवरून काढलं तर कामगार न्यायालय, जातीच्या दाखल्यासाठी पडताळणी समिती, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल तर सक्षम प्राधिकारी. एकाच फ्लॅटवरून यातल्या तीन ठिकाणी एकाच वेळी कागद फिरत असतात. अशा वेळी कुणीतरी चुकीचं दार ठोठावणार आणि आतला अधिकारी ते उघडणार, हे ओघानेच आलं.

थोडी परिभाषा, एकदाच

रिट म्हणजे वरिष्ठ न्यायालयाने एखाद्या सरकारी किंवा न्यायदान करणाऱ्या यंत्रणेला दिलेला लेखी हुकूम. हायकोर्टाला हा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २२६ ने मिळतो. सुप्रीम कोर्टाला तो अनुच्छेद ३२ ने मिळतो, पण फक्त मूलभूत हक्कांसाठी. रिटचे पाच प्रकार आहेत आणि प्रतिषेध हा त्यांतला एक.

न्यायाधिकरण म्हणजे एका ठरावीक विषयापुरतं कायद्याने उभं केलेलं कोर्टासारखं ठिकाण. काही अधिकारी कोर्ट नसतात, पण दोन्ही बाजू ऐकून कुणाच्या तरी हक्काचा फैसला करतात. कस्टम्सचा आयुक्त (पूर्वीचा कलेक्टर) किंवा आयकर अधिकारी ही त्याची उदाहरणं. त्यांच्या या कामाला अर्धन्यायिक म्हणतात आणि तिथेही प्रतिषेध लागू होतो. अधिकारक्षेत्र म्हणजे कोणतं प्रकरण, कुणाविरुद्ध, किती रकमेपर्यंत आणि कुठल्या हद्दीत ऐकायचं याची कायद्याने आखलेली चौकट.

सणासुदीला ठाणे पोलीस जे ‘मनाई आदेश’ काढतात त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम हीदेखील वेगळी गोष्ट. तो हुकूम माणसाला बांधतो: बांधकाम करू नको, फ्लॅट विकू नको. कोर्टाला बांधायची ताकद त्यात नाही. ‘समोरच्याने अमुक कोर्टात केस चालवू नये’ असा मनाई हुकूमही दिवाणी कोर्टाला सरसकट देता येत नाही. ते दुसरं कोर्ट त्याच्या हाताखालचं नसेल, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमातलं कलम ४१ आड येतं. प्रतिषेध मात्र थेट न्यायाधिकरणाच्या टेबलावर जाऊन पडतो.

टीएमटीत चढलेला टीसी

रेल्वेचा टीसी ठाणे स्टेशनातून बाहेर पडला, बाहेरच्या सॅटीस पुलावर उभ्या असलेल्या टीएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसमध्ये चढला आणि तिकिटं तपासू लागला, असं समजा. तुमच्याकडे तिकीट नाही. म्हणजे चूक तुमचीच. तरीही हा टीसी तुमच्याकडून दंड घेऊ शकत नाही, कारण ही गाडी त्याची नाही. तुम्ही त्याच्या वरच्या साहेबाला फोन लावलात आणि साहेब त्याला म्हणाले, ‘खाली उतर’, तर तो झाला प्रतिषेध. साहेबांनी तुमचं तिकीट पाहिलं नाही, पाहायचं कारणही नव्हतं. तुम्ही फुकटे आहात की नाही ते टीएमटीचा तपासनीस ठरवील.

हा फोन पावती फाडायच्या आधी गेला पाहिजे. पावती फाडून, पैसे खिशात टाकून टीसी निघून गेला असेल तर ‘थांब’ म्हणण्यात अर्थ उरत नाही. मग पावती रद्द करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी प्राकर्षण नावाचं वेगळं रिट आहे. तिसरी शक्यता अशी की हाच टीसी लोकलमध्ये आहे, तुमच्याकडे पास आहे, पण तारीख वाचताना चुकून तो दंड लावतो. चूक त्याची आहे, पण गाडीही त्याचीच आहे. अशा चुकीवर अपील करायचं असतं. हायकोर्टात फेटाळल्या जाणाऱ्या पुष्कळशा प्रतिषेधाच्या याचिका या तिसऱ्या जातीच्या असतात. अधिकाऱ्याचं मत पटलं नाही म्हणून त्याला अधिकारच नव्हता, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे.

आधी आणि नंतर हा भेद सुप्रीम कोर्टाने १९५४ साली एका निवडणुकीच्या वादात नीट मांडला. संविधान सभेचे सदस्य राहिलेले ह. वि. कामत १९५२ ची लोकसभा निवडणूक होशंगाबादमधून थोड्या मतांनी हरले आणि काही केंद्रांवर चुकीच्या खुणेच्या मतपत्रिका दिल्या गेल्याचं म्हणत निवडणूक न्यायाधिकरणात गेले. तिथेही हरल्यावर प्रश्न आला की न्यायाधिकरणाचं काम संपलेलं आहे, आता त्याला रिट कसं काढणार? कोर्टाने सांगितलं की प्रकरण चालू असताना प्रतिषेध आणि निकाल लागल्यावर प्राकर्षण. काम संपल्यावर प्रतिषेधाला जागा राहत नाही, पण प्राकर्षणाला राहते.

नौपाड्यातला भाडेकरू

आता एक काल्पनिक उदाहरण जरा जवळून पाहू. नौपाड्यात एक जुनी इमारत आहे. तळमजल्यावर एक दुकानदार कित्येक वर्षं पगडीने आहे. मूळ मालकाचं कर्ज थकलं आणि ती इमारत एका सहकारी बँकेने घेतली. बँकेला दुकान रिकामं हवं आहे. भाडेकरूला काढायचा दावा दिवाणी न्यायालयात भाडे नियंत्रण कायद्याखाली करायचा, तर कारणं सिद्ध करावी लागतात आणि वेळ जातो. म्हणून बँक सहकारी संस्थांचे वाद ऐकणाऱ्या सहकार न्यायालयात जाते.

दुकानदाराच्या हातात नोटीस येते. अशी नोटीस आली की बहुतेक जण आधी रकमेचा आकडा आणि तारीख पाहतात. खरं तर सगळ्यात वरची दोन वाक्यं पाहावीत: कोणत्या कोर्टातून आली आहे आणि कोणत्या कलमाखाली. इथे वर लिहिलेलं असेल ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम ९१ अन्वये’. हे कलम संस्थेची घटना, निवडणुका, सभा, व्यवस्थापन आणि संस्थेचा व्यवसाय यांच्याशी निगडित वादांसाठी आहे आणि पक्षकारही ठरावीकच असावे लागतात: संस्था, तिचे सभासद, माजी सभासद, त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे वगैरे. आपला दुकानदार बँकेचा सभासद नाही. तो बँकेच्या आधीपासूनचा भाडेकरू आहे.

जवळजवळ असाच वाद मुंबईच्या एका सहकारी बँकेचा होता. १९६८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भाडेकरूला काढणं हा बँकेचा ‘व्यवसाय’ नव्हे, आणि भाडे कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूचा वाद कलम ९१ खाली ओढता येत नाही. म्हणजे आपल्या दुकानदाराचं पारडं जड आहे. त्याने भाडं थकवलं असेलही, पण त्यावर बोलायची ही जागा नव्हे.

थोडी माहिती बदलून पाहा. दुकानाऐवजी हाउसिंग सोसायटीतला फ्लॅट आहे, सभासदाने तो लिव्ह अँड लायसन्सवर दिला आहे, राहणाऱ्याने सोसायटीचं नाममात्र सभासदत्व घेतलं आहे, आणि सोसायटी त्याला बाहेर काढू पाहते आहे. १९८२ साली सुप्रीम कोर्टाने अशाच प्रकरणात उलट उत्तर दिलं: हा वाद कलम ९१ खाली येतो, कारण सभासदांच्या राहण्याची सोय करणं हाच हाउसिंग सोसायटीचा व्यवसाय आहे. म्हणून ‘आमच्या शेजाऱ्याला हायकोर्टाने सोडवलं, आम्हालाही सोडवील’ या भरवशावर कुणी राहू नये. शेजाऱ्याचा करारनामा कोणता होता ते आधी विचारा.

आदेश कोणत्या कारणांनी निघतो?

सर्वांत सरळ कारण म्हणजे अधिकारच नसणं, किंवा असलेल्या अधिकाराबाहेर जाणं. दुसरं, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवणं: तुमची बाजू न ऐकता पुढे जाणं, किंवा ज्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतला आहे त्यानेच न्याय करायला बसणं. ज्या कायद्याखाली कारवाई चालली आहे तो कायदाच घटनाबाह्य असणं, आणि कारवाईमुळे मूलभूत हक्कावर गदा येणं, ही आणखी दोन कारणं.

यातलं पहिलं कारण कसं चालतं हे कळायला १९६२ चा कस्टम्सचा निवाडा उपयोगी आहे. ईस्ट इंडिया कमर्शियल या कंपनीने अमेरिकेतून फ्लुओरोसंट ट्यूब आणि त्यांचं सामान आणलं. परवान्यातल्या अटीचा भंग झाला म्हणून कलकत्त्याच्या कस्टम्स कलेक्टरने नोटीस काढली. त्याआधीच कलकत्ता हायकोर्टाने कायद्याचा अर्थ सांगून ठेवला होता की अशा अटीचा भंग म्हणजे कायद्याचा भंग नव्हे. तो अर्थ धरला तर नोटिशीतला आरोप शब्दन् शब्द खरा मानूनही कलेक्टरला माल जप्त करायचा अधिकार उरत नव्हता. सुप्रीम कोर्टाने बहुमताने कारवाई थांबवली आणि बजावलं की हायकोर्टाच्या देखरेखीखालचं न्यायाधिकरण त्याच हायकोर्टाने सांगितलेला कायदा बाजूला सारू शकत नाही. आरोप जसाच्या तसा मान्य केला तरी अधिकार बसत नसेल, तर प्रकरण प्रतिषेधासाठी अगदी पक्व असतं. माझ्या मते याहून चांगली कसोटी नाही.

ठाण्याला हा हक्क कधी मिळाला?

प्रतिषेधाचा जन्म इंग्लंडचा. तिथे चर्चची स्वतंत्र न्यायालयं होती आणि ती जमीनजुमल्याच्या वादांतही हात घालू लागली, तेव्हा राजाची न्यायालयं त्यांना प्रतिषेध पाठवत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सरन्यायाधीश एडवर्ड कोक यांनी हे शस्त्र इतकं वापरलं की त्यांचं राजा पहिला जेम्स याच्याशीच वाजलं.

इंग्रजांनी ते भारतात आणलं, पण जपून. संविधान येईपर्यंत अशी रिटं काढायचा अधिकार कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीनच हायकोर्टांना होता, आणि तोही ढोबळमानाने त्या-त्या शहराच्या हद्दीपुरता. १९४३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, मद्रासच्या एका जमीनदारीच्या वादात ही हद्द अगदी काटेकोरपणे लावली. म्हणजे फोर्टातल्या अधिकाऱ्याला रिट निघू शकत होतं, आणि खाडीपलीकडे ठाण्याच्या कचेरीत तसाच प्रकार चालला असेल तर नाही. ठाणे मुफस्सलात, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखात मोडत होतं. २६ जानेवारी १९५० ला अनुच्छेद २२६ लागू झाला आणि हा पंक्तिप्रपंच संपला. आज ठाणे आणि नवी मुंबईच्या याचिका मुंबईतच, हायकोर्टाच्या अपेलेट साइड या विभागात दाखल होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे सहा जिल्हे गेले, त्यांत ठाणे नाही.

नोटीस आली की लगेच हायकोर्ट?

नाही. कारणे दाखवा नोटीस म्हणजे नुसता प्रश्न असतो, त्याने तुमचं अजून काही गेलेलं नसतं. उत्तर दिल्यावर प्रकरण तिथेच मिटूही शकतं. म्हणून सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी सांगितलं आहे की नुसत्या नोटिशीवरची याचिका सहसा अकाली असते. बँकांच्या वसुलीबाबत तर २०१० साली हायकोर्टांची चांगलीच कानउघाडणी झाली: वाशीसारखं कर्जवसुली न्यायाधिकरण हाताशी असताना थेट रिट ऐकून घेऊ नका.

मग ‘दुसरा मार्ग आहे, तिकडे जा’ हे उत्तर प्रत्येकाला मिळणार का? तसंही नाही. व्हर्लपूल कंपनीचा वाद मुंबईतल्या ट्रेडमार्क निबंधकाच्या नोटिशीवरून उभा राहिला. मुंबई हायकोर्टाने याचिका फेटाळली होती. १९९८ साली सुप्रीम कोर्टाने ती नोटीसच रद्द केली आणि सांगितलं की मूलभूत हक्काचा प्रश्न असेल, नैसर्गिक न्याय मोडला असेल, कारवाई मुळातच अधिकाराबाहेरची असेल किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान असेल, तर पर्यायी मार्ग असला तरी हायकोर्टाचं दार बंद होत नाही. १९६० मध्ये कलकत्ता डिस्काउंट कंपनीच्या आयकर प्रकरणातही हाच विचार होता: अधिकार नसलेल्या माणसापुढे लांबलचक चौकशीला तोंड द्यायला लावणं हाच मुळी त्रास आहे, आणि तो शेवटपर्यंत सोसायला लावून मग दाद देण्यात शहाणपण नाही.

हे दोन्ही एकत्र वाचलं की हायकोर्टाची नजर कळते. अधिकाराचा अभाव कागदावरच, उघड्या डोळ्यांना दिसत असेल तर ते थांबवतं. तो पुराव्याने सिद्ध करावा लागणार असेल तर म्हणतं, आधी तिथेच सिद्ध करा. लिव्ह अँड लायसन्सच्या प्रकरणात ‘मी लायसन्सवर नाही, जुना भाडेकरू आहे’ असं कुणी म्हणालं, तर भाडेपावत्या आणि साक्षी तपासल्याशिवाय ते कळणार नाही. सक्षम प्राधिकाऱ्याचा अधिकार त्याच उत्तरावर अवलंबून असला, तरी पहिली तपासणी त्यानेच करायची.

हरकत घ्यायला उशीर झाला तर?

इथे लोक सर्वांत जास्त फसतात. समोरचा चुकीच्या ठिकाणी गेला आहे हे वकिलाला दिसलेलं असतं, पण ‘बघू, निकाल आपल्या बाजूने लागला तर काय वाईट’ म्हणून हरकत खिशात ठेवली जाते. निकाल उलटा लागला की ती बाहेर येते.

काही हरकती अशाने कायमच्या जातात. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २१ म्हणतं की हद्दीची किंवा रकमेची हरकत पहिल्याच संधीला घ्यायची. बेलापूरऐवजी ठाण्यात दावा पडला आणि तुम्ही साक्षीपुरावे होऊ दिलेत, तर नंतर ओरडून उपयोग नाही. पक्षपाताचंही तेच. १९५७ सालच्या एका प्रकरणात वकिलाच्या चौकशी मंडळाचे अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराच्या बाजूने उभे राहिलेले होते. सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की त्यांनी तिथे बसायला नको होतं, पण त्या वकिलाने हे माहीत असून चौकशीत तोंड उघडलं नव्हतं, म्हणून हरकत सोडून दिल्यासारखीच धरली.

विषयावरचाच अधिकार नसेल तर गोष्ट निराळी. सहकार न्यायालयाला जो वाद ऐकायचा अधिकारच कायद्याने दिलेला नाही, त्याबाबतचा अधिकार दोन्ही बाजूंच्या संमतीने निर्माण होत नाही. असा हुकूम मुळातच शून्य असतो आणि अंमलबजावणीच्या टप्प्यावरही तसं म्हणता येतं, हे १९५४ पासून ठरलेलं आहे. तरी त्या भरवशावर बसू नये. नौपाड्याच्या दुकानदाराने कैफियतीच्या, म्हणजे लेखी उत्तराच्या, पहिल्याच परिच्छेदात हरकत लिहावी, तीवर आधी निर्णय द्यावा असा स्वतंत्र अर्ज द्यावा आणि अर्जाची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदींत, झाली का ते स्वतः पाहावं. पुढे हायकोर्टात न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: हे खाली सांगितलं होतं का?

दिवाणी कोर्टाविरुद्धही प्रतिषेध काढता येतो?

पुस्तकी उत्तर आणि आजचं उत्तर वेगळं आहे. २०१५ साली सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं की दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक आदेशावर अनुच्छेद २२६ खाली रिट चालत नाही, अनुच्छेद २२७ खाली जायचं. २२७ म्हणजे हायकोर्टाची आपल्या हद्दीतल्या कोर्टांवर आणि न्यायाधिकरणांवर असलेली देखरेख. पक्षकाराला परिणाम बराचसा सारखाच जाणवतो, कारण हायकोर्ट त्यातही खालचं कामकाज थांबवू शकतं. मात्र हा अधिकार फार हात राखून वापरला जातो. न्यायाधिकरणांबाबत दोन्ही अनुच्छेद खुले आहेत आणि कुठल्याही कायद्याने ते बंद करता येत नाहीत, हे १९९७ साली सात न्यायाधीशांनी पक्कं केलं. फौजदारी खटला असेल तर वकील सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५२८, म्हणजे पूर्वीचं ४८२, वापरतात.

लवादाचं काय, असंही विचारलं जातं. लवादासमोर प्रकरण चालू असताना मधेच हायकोर्टात धाव घेणं सुप्रीम कोर्टाला अजिबात आवडत नाही. अगदी अपवाद सोडले तर लवादाचा निवाडा येईपर्यंत थांबावं लागतं.

आणि हायकोर्टाच्याच न्यायाधीशाला रिट? ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकावरच्या बदनामीच्या दाव्यात मुंबई हायकोर्टाचे न्या. वि. म. तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असं तोंडी सांगितलं. ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर नरेश मिरजकर आणि इतर पत्रकार थेट सुप्रीम कोर्टात गेले. १९६६ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की हायकोर्ट हे त्या अर्थाने कनिष्ठ न्यायालय नाही, त्याला रिट काढता येत नाही.

सोसायटीची कमिटी बेकायदा सभा घेते आहे, बिल्डर दमदाटी करतो आहे, यावरही प्रतिषेध नाही. ते न्यायदान करत नसतात. कमिटीविरुद्ध निबंधक किंवा सहकार न्यायालय आहे, बिल्डरसाठी महारेरा आहे.

याचिका टाकली म्हणजे स्टे मिळाला?

हा समज इतका पक्का आहे की वकिलांनाही तो पुसताना घाम फुटतो. याचिकेचा नंबर पडला म्हणून खालची तारीख रद्द होत नाही. याचिकेच्या शेवटी मागण्यांची यादी असते, तिला प्रेयर क्लॉज म्हणतात. एका मागणीत ‘योग्य ते रिट काढून सदर न्यायाधिकरणास पुढील कार्यवाही करण्यापासून रोखावे’ असं असतं, आणि तिच्या खाली वेगळी मागणी: ‘याचिकेचा निकाल लागेपर्यंत खालील कार्यवाहीस स्थगिती द्यावी.’ पहिली मागणी म्हणजे प्रतिषेध, दुसरी म्हणजे स्टे. पेपरात ‘हायकोर्टाची मनाई’ म्हणून येतं ते बरेचदा या दुसऱ्या मागणीवरचं, तात्पुरतं असतं. अंतिम प्रतिषेध त्यामानाने क्वचित. स्टे मिळेपर्यंत खाली गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो, आणि ‘हायकोर्टात गेलो होतो’ ही सबब तिथे चालत नाही.

सहा महिन्यांनी स्टे आपोआप उठतो, असंही अजून सांगितलं जातं. २०१८ सालच्या एका निकालाने तसं म्हटलं होतं खरं. २९ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी तो नियम मोडीत काढला. आता स्टे उठवायचा तर रीतसर अर्ज करून उठवावा लागतो.

स्टे किंवा प्रतिषेध मिळाल्यावरही खालच्या अधिकाऱ्याने सुनावणी चालू ठेवली, तर तो न्यायालयाचा अवमान होतो. आदेशाची प्रत त्याच्यापर्यंत पोचवून पोच घेणं हे काम मात्र आपलं.

हा वेळ काढायचा धंदा नव्हे का?

पुष्कळदा आहे, हे कबूल करावं लागेल. कर्ज थकवणारा, ताबा न सोडणारा आणि चौकशीला घाबरलेला, तिघांनाही अधिकारक्षेत्राचा मुद्दा आवडतो, कारण तो काढला की मूळ प्रश्नावर बोलावं लागत नाही. महाराष्ट्राने याचा कडू अनुभव घेतला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७७ साली राज्यापुरतं कलम ९अ घातलं गेलं होतं: अंतरिम अर्जाच्या वेळी अधिकारक्षेत्राची हरकत आली की आधी तिचाच निकाल लावायचा. हेतू चांगला होता, पण त्यावर साक्षीपुरावे, मग हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट असं चक्र सुरू झालं आणि मूळ दावा जागच्या जागी राहिला. २०१८ साली हे कलम वगळण्यात आलं.

तरी प्रतिषेध हवाच. वेळकाढूपणाला औषध म्हणून हायकोर्टाकडे खर्च लादायचे आणि याचिका पहिल्याच तारखेला निकाली काढायचे अधिकार आहेत, ते जास्त वापरले जावेत असं मला वाटतं. अधिकार नसलेल्या माणसाने चार वर्षं ऐकून दिलेला शून्य हुकूम हा त्याहून महागडा वेळकाढूपणा आहे, आणि त्याची किंमत दोन्ही पक्षकार भरतात.

मनाई झाल्यावर पुढे काय?

आपल्या दुकानदाराला समजा हायकोर्टाने दिलासा दिला. सहकार न्यायालयातलं प्रकरण थांबलं. दुकान अजूनही बँकेच्या मालकीचं आहे, थकलेलं भाडं अजून थकलेलंच आहे. बँक आता भाडे कायद्याखाली दिवाणी न्यायालयात दावा लावू शकते.

मधल्या काळात मुदत संपून गेली, असं दुकानदाराचा वकील म्हणेल. पण १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १४ बँकेच्या मदतीला येऊ शकतं: चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे आणि तत्परतेने घालवलेला काळ मुदतीतून वजा होतो. बँकेला कलम ९१ लागू नाही हे ठाऊक असूनही तिने मुद्दाम सहकार न्यायालय निवडलं, असं दुकानदाराने दाखवलं तर ही सवलत अडचणीत येते. म्हणून सहकार न्यायालयात हरकत पहिल्यांदा कोणत्या तारखेला घेतली आणि बँकेने तिला काय उत्तर दिलं, हे दाखवणाऱ्या रोजनाम्याच्या सही-शिक्क्याच्या नकला दुकानदाराने काढून ठेवाव्यात. नव्या दाव्यात त्या लागतील.